हजार घरांचा मसाला

वारज्यातल्या साईनाथने आजवर किती धंदे केले, याबाबत त्याच्या घरातच एकमत नाही. तो स्वतः चार सांगतो. त्याची बायको नम्रता सहा सांगते. आई सोजरबाई एकही सांगत नाही, कारण तिच्या मते ज्याला गिऱ्हाईक असते तोच धंदा. पाण्याचा टँकर होता. त्यातले पाणी बहुतेक मित्रांच्या बांधकामांवर गेले, आणि मैत्रीत बिल करायचे नसते. व्यायामशाळा होती, तिथल्या भिंतभर आरशांत साईनाथ आणि त्याचे दोन चुलतभाऊ यांखेरीज फारसे कोणी दिसले नाही. मोबाइलचे दुकान कोरोनाच्या टाळेबंदीने बुडाले असे तो सांगतो. मात्र टाळेबंदीच्या आदल्या दिवाळीतच त्या गाळ्यात फटाके विकले जात होते, असे शेजारचे इस्त्रीवाले सांगतात, आणि त्यांना खोटे बोलण्याचे काही कारण दिसत नाही.

या सर्व उद्योगांचे भांडवल एकच: गेनबाचे शेत. गेनबा हे साईनाथचे वडील. वारजे महापालिकेत आले तेव्हा साईनाथ प्राथमिक शाळेत होता आणि वर्गाच्या खिडकीतून त्याला घरची ज्वारी दिसत असे. पुढे बाह्यवळण रस्ता रुंद झाला, हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, त्यांत काम करायला सबंध महाराष्ट्रातून मुले आली, आणि त्या मुलांना राहायला जागा हवी झाली. जागा गेनबाकडे होती. शेत गेले, रक्कम आली, काही फ्लॅट आले आणि इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याकडेचे दोन गाळे आले. इमारतीला हिरवळ या अर्थाचे इंग्रजी नाव देण्यात आले. हिरवळ काढून झाल्यावर.

अशा घरांतल्या मुलांना पुण्यात गुंठामंत्री म्हणतात. गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून ज्यांच्या दारात मोठी गाडी आणि गळ्यात जाड साखळी आली, त्यांच्यासाठी शहराने काढलेला हा शब्द. साईनाथकडे गाडीही होती आणि साखळीही, त्यामुळे शब्दाला हरकत घेण्याची सोय नव्हती. त्याला लागले ते वेगळेच. चुलतबहिणीच्या लग्नात मुलाकडच्या एका गृहस्थांनी त्याच्याकडे बोट करून विचारले, "हे काय करतात?" आणि मामाने अगदी सरळ मनाने सांगितले, "हा? हा गेनबाचा मुलगा." विचारणाऱ्याचे समाधान झाले. साईनाथचे झाले नाही. गेनबा वारल्यावरही ते उत्तर बदलले नाही. तेव्हापासून त्याने जे जे दुकान उघडले त्यामागे हेतू एकच राहिला: एखाद्या गोष्टीकडे पाहून गावाने एकदा तरी म्हणावे, की हे साईनाथचे.

सोजरबाईला असला काही हेतू नव्हता. शेत गेल्यावर तिच्या हातांना काम उरले नाही, म्हणून तिने दोनांपैकी एक गाळा नवऱ्याकडून मागून घेतला आणि त्यात मसाला कुटायचा डंक बसवला. विजेवर उठणारी-पडणारी लोखंडी मुसळे, खाली उखळ, बाजूला चाळणी, आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायकांची रांग, असे त्या गाळ्याचे स्वरूप. उन्हाळा लागला की वारजे, शिवणे, कर्वेनगर इथल्या बायका भाजलेल्या मिरच्या, धणे, खोबरे, दगडफूल डब्यांत भरून आणत. नियम असा, की ज्याचा माल त्याने समोर बसून कुटून घ्यायचा. नाकातोंडाला पदर बांधून शिंकावे, डोळे पुसावे, शेजारणीच्या सुनेची चौकशी करावी. पण उठू नये. उठले तर आपल्या ब्याडगीत दुसरीची लवंगी मिरची जाईल, याबद्दल प्रत्येकीला प्रत्येकीची खात्री होती. कोणी काय प्रमाणात घातले हे विचारायचे नाही, आणि डंकवालीने तर डब्यात डोकावायचेही नाही.

या नियमाला एक पुरवणी होती. घाणा निघाला की सोजरबाई मूठभर खडे मीठ उखळात फिरवून घ्यायची, ताठ कुंच्याने सगळे झाडून डब्यात घालायची. तरीही लोखंडाच्या कडांना आणि चाळणीच्या जाळीत थोडे राहायचेच. ही खरवड कोणाचीच नव्हती. डंक बंद करताना सोजरबाई ती एका बरणीत भरून वर घरी न्यायची, आणि घरची आमटी, पिठले, मटण सगळे त्या बरणीवर व्हायचे. हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होते. त्यांनी तशी परवानगी दिली होती असे म्हणता येणार नाही, कारण तिने ती कधी मागितली नव्हती. सोजरबाईच्या घरात स्वतःचा असा मसाला कित्येक वर्षांत झाला नव्हता आणि कोणाला त्याची उणीव भासली नव्हती.

टाळेबंदी सरल्यावर साईनाथने सदाशिव पेठेत एका वर्गात नाव घातले. स्पर्धा परीक्षांची पोरे आठवडाभर जिथे राज्यघटना पाठ करत, त्याच बाकांवर रविवारी समाजमाध्यमांतून धंदा कसा वाढवावा हे शिकवले जाई. शिकवणाऱ्या सरांचा स्वतःचा धंदा कोणता, असे एका दुकानदाराने विचारले तेव्हा सरांनी "हाच" असे उत्तर दिले, आणि ते प्रामाणिक होते. सगळ्या शिकवणीचे सार एका वाक्यात मावत होते: वस्तू विकू नका, गोष्ट विका. साईनाथला ते एकदम पटले. वस्तू विकून पाहून झाल्या होत्या.

त्याने आईच्या डंकाचे पान उघडले आणि रील काढायला सुरुवात केली. मोबाइल धरायला नम्रता. ती मूळची धाराशिवकडची. हिंजवडीच्या एका कंपनीत पगारपत्रके पाहायची आणि शनिवार-रविवार नवऱ्याच्या महत्त्वाकांक्षेसाठी राखून ठेवायची.

"आई, जरा कॅमेऱ्याकडे बघून हस की."

"मिरचीत कोन हसतं रं?"

"अगं, स्माइल पाहिजे. लोक कनेक्ट होतात."

"मग त्यास्नी हितं बशीव. बघू किती हसत्यात."

पहिल्या रीलमध्ये साईनाथ काळा चष्मा लावून डंकाला टेकला होता. ती पाहणाऱ्यांत बहुसंख्य नातेवाईक निघाले. दुसरीत मिरच्या संथ गतीने उखळात पडत होत्या आणि मागे बासरी होती. तिसरीत एक गिऱ्हाईक बाई सलग शिंकल्या. ती थोडी चालली, पण त्या बाईंनी पुढच्या खेपेस डंकावर यायचे टाळले. साईनाथ खचला नाही. आधीच्या धंद्यांत तो याहून कमी यशावर याहून जास्त टिकला होता.

मग एका रविवारी, जेवताना, गोष्ट आपल्या पायांनी चालत आली. नम्रता वाफाळत्या आमटीचा व्हिडिओ माहेरी पाठवायला म्हणून घेत होती. साईनाथने भुरका मारला आणि सहज विचारले, "आई, आज वेगळं काय घातलंयस?"

"येगळं काय घालायचंय? बरनीतलंच हाय. मुक्ताईची मिरची हाय, पाटलिनीचं खोबरं हाय, त्या पेठंतल्या बाईंचं दगडफूल हाय. हजार घरचं हाय ह्यात. एका घरच्याला अशी चव येती व्हय?"

साईनाथचा घास हातात राहिला. तिसऱ्या रविवारच्या वर्गात सरांनी ज्या क्षणाचे वर्णन केले होते तो हाच, याबद्दल त्याला शंका उरली नाही. त्याने नम्रताच्या व्हिडिओतला तो तुकडा आमटी निवायच्या आत पानावर टाकला.

पुढे काय झाले ते त्या पानावर आजही वाचता येते. बाणेरच्या एकाने आजीची आठवण आल्याचे लिहिले. न्यू जर्सीच्या एकीने रडू आल्याचे लिहिले. कोणी "यालाच समाजवाद म्हणतात" असे लिहिले, त्यावर दुसऱ्याने "याला समाजवाद म्हणत नाहीत" असे लिहिले, आणि त्या दोघांचा वाद पुढे कित्येक दिवस मसाल्याचा उल्लेखही न होता चालू राहिला. या सगळ्यांच्या मधूनमधून एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा येत होता: कुठे मिळेल?

"आई, ऑर्डरी आल्यात."

"कशाच्या?"

"खरवडीच्या."

सोजरबाईने हातातली परात खाली ठेवली. "खरवड कुनी इकतं व्हय? उष्टं इकल्यागत झालं ते."

"अगं, लोक पाकिटाला पैसे द्यायला तयार आहेत, आणि आपण ते आमटीत घालतोय."

"अहो," नम्रता म्हणाली, "पण ज्यांचं आहे त्यांना विचारलंत का?"

"कुणाला विचारू? कुणाचंच नाही ना ते! आईच म्हणते."

युक्तिवादात खोट काढता येत नव्हती. जे कोणाचेच नव्हते ते आमटीत पडत होते तोवर कोणाचेच राहिले. पाकिटात पडल्यावर मात्र त्याला मालक मिळाला. लेबलावर वर 'हजार घरांचा मसाला' असे ठळक आले आणि खाली, थोड्या बारीक पण सोनेरी अक्षरांत, 'निर्मिती: साईनाथ'. ते लेबल छापून आले त्या दिवशी त्याने एक पाकीट गेनबाच्या तसबिरीसमोर ठेवले. पाया पडताना त्याचे डोळे भरून आले होते. त्यात पाकिटातून उडालेल्या लवंगी मिरचीचा वाटा किती, हे सांगणे अवघड आहे.

बरणी बघता बघता रिकामी झाली. माल मर्यादित असणे हा गुण असतो असे वर्गात शिकवले होते, पण तो गुण किती काळ पुरतो हे शिकवले नव्हते. साईनाथ आता रोज डंकावर येऊन बसू लागला. धंद्यात लक्ष घालतोय म्हणून बायकांना आधी बरे वाटले. काही दिवसांत सोजरबाईचा ताठ कुंचा दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी मऊ केसांचा, मुठीला रंग दिलेला, शोभेचा म्हणावा असा ब्रश आला. शेवटी मीठ फिरवून घेण्याची पद्धतही यंत्राच्या आरोग्याला अपायकारक ठरली. भिंतीवर तशी सूचना लागली. यात आपण कोणाचे काही घेतो आहोत असे साईनाथच्या मनात खरोखरच आले नाही. तो मिरचीला हात लावत नव्हता. फक्त ती निघून जाणार नाही याची काळजी घेत होता.

"कुंचा कुठं गेला रं?" सोजरबाईने विचारले.

"जुना झाला होता, आई. कॅमेऱ्यात बरा दिसत नव्हता."

साईनाथ फोनवर बोलायला बाहेर गेला की सोजरबाई तेवढ्यात उखळात हात घालून बोटांनी खरवडून बायकांच्या डब्यांत टाकायची. त्या दिवसांत तिची बोटे इतकी चुरचुरायची, की भाकरी थापणे नम्रताकडे आले.

चूक झाली ती याच्याही पुढची, आणि ती दुसऱ्या कोणत्या चोराने केली नसती. साईनाथने त्या ब्रशाची रील काढली. जवळून काढलेली, सुंदर प्रकाशातली. मऊ ब्रश लाल मसाल्यावरून मोरपिसासारखा फिरतो, आणि तो फिरून गेल्यावरही उखळाच्या कडेला लालभडक जाड थर तसाच राहतो. खाली ओळ होती: 'प्रत्येक घराची आठवण उखळात मागे राहते.' ही त्याची सर्वांत जास्त पाहिली गेलेली रील. मुलींनी ती आयांना पाठवली, सुनांनी, काहीशा अधिक तत्परतेने, सासवांना पाठवली, आणि अशा रीतीने ती फिरत फिरत सदाशिव पेठेत मंदाकिनीबाईंच्या मोबाइलवर पोचली.

मंदाकिनीबाई निवृत्त शिक्षिका. पेठेतला डंक बंद पडल्यापासून दर उन्हाळ्यात स्कूटरला पिशवी अडकवून त्या वारज्याला येत. दगडफूलवाल्या त्या पेठेतल्या बाई म्हणजे याच. रांग भरलेली असताना त्या गाळ्याच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी हेल्मेट काढले, काखेत धरले आणि विचारले, "साईनाथ ते आपणच ना?"

"हो काकू. या, बसा. तुमचा नंबर..."

"नंबर राहू द्या. आज मी गिऱ्हाईक म्हणून आले आहे. आपला तो मसाला एक पाकीट द्या."

साईनाथ हरखला. त्याने पाकीट दिले, किंमत सांगितली आणि सवयीने मोबाइलचा कॅमेराही सुरू केला.

"ही पूर्ण पाकिटाची किंमत झाली," मंदाकिनीबाई पाकीट उलटसुलट पाहत म्हणाल्या. "आता यात माझे दगडफूल किती आहे ते बघा आणि तेवढे वजा करून सांगा. स्वतःचे दगडफूल दोनदा विकत घेण्याची माझी ऐपत नाही."

रांगेत पदराआड हसू फुटले.

"काकू, ते कसं काढणार? सगळं मिक्स असतं ना."

"असं होय. म्हणजे यात कोणाचे काय आहे हे आपल्याला माहीत नाही. आणि निर्मिती कोणाची, हे मात्र छापण्याइतके माहीत आहे."

"तसं नाही काकू, ती एक... स्टोरी आहे."

"मग त्या स्टोरीतून मला वगळा. माझे घर यापुढे धरू नका. नऊशे नव्याण्णव छापा."

"आन् माझं बी नगं," भिंतीकडून आवाज आला. ही मुक्ताई, गावातलीच, सोजरबाईच्या बरोबरीची, लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. "नऊशे अठ्ठ्यान्नव कर."

"काकी, तुम्ही तर फेमस झालात! आईने व्हिडिओत पहिलं नाव तुमचंच घेतलंय."

"घेतलंय की. नाव माझं, मिरची माझी, आन् पाकीट तुझं. लई बेस वाटनी केली बाबा."

सोजरबाई डंकाच्या कळीवर हात ठेवून उभी होती. तिने कळ दाबली. मुसळे थांबली आणि गाळ्यात एकदम इतकी शांतता झाली, की चाळणीतून पडणारी भुकटी ऐकू यावी. कोणीतरी तिच्याकडे पाहील आणि काही विचारील, असे साईनाथला वाटले. कोणी पाहिले नाही. मंदाकिनीबाईंनी पिशवीतून स्वतःचा ब्रश काढला. "आज झाडायचे साहित्य मी घरून आणले आहे," त्या म्हणाल्या, आणि रांगेत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीच्या डब्याबरोबर कुंचा आला. कोणी खडे मीठ आणले, कोणी मूठभर तांदूळ कुटून घेऊन उखळ पुसले. डंक बसवल्यापासून इतके स्वच्छ उखळ कोणी पाहिले नव्हते. त्यात तोंड दिसत होते. बरणीत टाकायला चिमूटभरही उरेना. मग बायकांच्या लक्षात आले, की झाडायचेही आपणच, डोळ्यांत तेल घालून बसायचेही आपणच, तर वारज्यालाच कशाला यायचे? कर्वेनगरलाही डंक होता. त्या डंकाचे समाजमाध्यमांवर काहीही नव्हते, आणि आता ती त्याची सर्वांत मोठी जाहिरात ठरली. रांग आखूड झाली, मग विरळ झाली, आणि ऐन उन्हाळ्यात एका सकाळी सोजरबाईने डंक उघडला तेव्हा भिंतीशी फक्त भिंत होती.

पानावरची माणसे मात्र वाढत होती. ऑर्डरी साठल्या होत्या, आणि ज्याच्या नावे त्या होत्या त्याच्याकडे विकायला काही नव्हते. यापूर्वीच्या प्रत्येक धंद्यात माल होता आणि गिऱ्हाईक नव्हते. हे उलट संकट साईनाथला नवे होते. तो गाडी घेऊन मार्केट यार्डात गेला. भुसार बाजारातून मिरचीची पोती घेतली, आणि त्याच फेरीत निरनिराळ्या कंपन्यांच्या तयार मसाल्यांची पाकिटे खोक्यांनी घेतली. ती सगळी फोडून एकत्र कालवली. यात अनेक घरांचा माल आहे, हे विधान आता एका वेगळ्या अर्थाने खरे होते, आणि तो अर्थ कोणी विचारला नाही. नम्रताने फक्त रिकाम्या खोक्यांकडे पाहिले.

"परत आलं तर?" ती म्हणाली. "लोकांना कळणार नाही का?"

परत काही आले नाही. आले ते अभिप्राय. बाणेरच्या गृहस्थांनी लिहिले की या खेपेचा मसाला आधीपेक्षाही अस्सल आहे. न्यू जर्सीच्या बाई पुन्हा रडल्या.

घरात मात्र स्वयंपाक अडला होता. बरणी रिकामी, आणि मुलाच्या पाकिटातले सोजरबाई घरात येऊ देईना. शेवटी ती एक दिवस स्वतःच्या मसाल्याला बसली. सासू काय आणि किती घालायची हे आठवायला तिला वेळ लागला. धण्यांपर्यंत आठवले, पुढे नागकेशरावर अडले, मग तिने डोळे मिटून हाताला आठवू दिले. गच्चीवर मिरच्या वाळवल्या, भाजल्या, डबा भरला, डोक्यावर पदर घेतला आणि नम्रताच्या स्कूटरवर मागे बसली.

साईनाथने त्यांना फाटकातच गाठले. "आई, डबा घेऊन कुठं?"

"कर्वेनगरला."

"अगं, खाली आपला डंक आहे!"

"हाय की."

"मग लोक काय म्हणतील? डंकवाली दुसऱ्याच्या डंकावर!"

"काय म्हनायचं ते म्हंत्याल," सोजरबाई म्हणाली. "तुझ्या डंकावर माझं कोन झाडून द्यील, सांग की."

तिने ते रागाने म्हटले असते तर साईनाथला उत्तर सुचले असते. तिने ते खरोखर विचारले होते.

पुढचे त्याला नम्रताकडून कळले. कर्वेनगरच्या रांगेत निम्मी वारज्याचीच माणसे होती. सोजरबाई दारात दिसली तशी बोलणी थांबली. मग मुक्ताईने मांडी आवरती घेतली, शेजारची जागा हाताने पुसली आणि म्हणाली, "बसा वैनी. आज काय, तपासनीला आलाय?" सोजरबाई बसली. नंबर येईपर्यंत शिंकली, डोळे पुसले. घाणा निघाल्यावर तिथली डंकवाली, कोण आली आहे हे पाहून, भीतीने की आदराने, उखळ अगदी कणन् कण झाडू लागली. सोजरबाईने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या बाई तेवढं," ती म्हणाली. "ते उखळाचं असतं." तिच्यानंतर ज्यांचे नंबर होते त्यांनी आपापले कुंचे पिशव्यांतून बाहेर काढले नाहीत, असे नम्रता म्हणते.

"मग?" साईनाथने विचारले.

"मग काही नाही. घरी आलो."

"नाही, म्हणजे... माझ्याबद्दल काही निघालं का?"

"नाही," नम्रता म्हणाली. "तुमच्याबद्दल काहीच निघालं नाही."

ते त्याला सगळ्यांत जास्त लागले.

पण धंदा उभा राहिला होता, आणि उभ्या राहिलेल्या धंद्याला रील लागते. अडचण अशी होती की ओसाड भिंत कॅमेऱ्यात धरता येत नाही. पानावर लोक विचारू लागले: त्या मावश्या कुठे आहेत? त्या दगडफूलवाल्या पेठेतल्या बाई कधी दिसणार? साईनाथने धीर करून मंदाकिनीबाईंना फोन लावला आणि थोड्या वेळासाठी नुसते येऊन बसण्याची विनंती केली. "मला निवृत्तिवेतन मिळते," त्या म्हणाल्या. "दुसरी नोकरी धरता येत नाही." आणि फोन ठेवला.

गावातल्या बायकांचे तसे नव्हते. साईनाथने रोजाची बोली केली. मुक्ताईने अटी नीट समजून घेतल्या.

"नुस्तं बसायचं?"

"नुसतं बसायचं, काकी. नेहमी बसायचात तसं."

"मिरची कुनाची?"

"माझी."

"आन् शिंकायचं त्यातच, का त्याचं येगळं?"

"त्यातच धरा की काकी."

"बरं. पन डोळं पुसायला पदर खराब होतो. रुमाल तू आन."

ठरल्याप्रमाणे सकाळी बायका येत, भिंतीला टेकून ओळीने बसत, साईनाथच्या मिरच्यांनी भरलेले साईनाथचे डबे मांडीवर घेत. मुसळे उठत, पडत. रांग हुबेहूब पूर्वीसारखी दिसे. खरे तर पूर्वीपेक्षा बरी, कारण आता लुगड्यांचे रंग आधी ठरलेले असत. शूटिंग आटोपले की याच बायका दिवसाचा ठरलेला रोज घेऊन घरी जात, आपापले खरे डबे काढत आणि रिक्षाने कर्वेनगरला जात.

अशाच एका सकाळी, कॅमेऱ्याची जागा बदलायला म्हणून साईनाथने मुसळे थांबवली होती, तेव्हा मुक्ताईच्या कनवटीचा मोबाइल वाजला. पलीकडे तिची मुंढव्याला दिलेली लेक असावी. मुक्ताईने नाकावरचा पदर खाली ओढला.

"आँ? न्हाय गं, घरी न्हाय. कामावं हाय... आगं हितंच, गावात. साईनाथच्या डंकावं." पलीकडून काही विचारले गेले. "कोनच्या म्हंजी? साईनाथच्या गं. त्योच. त्याचाच की हाय आता."

साईनाथ मोबाइलच्या तिपाईशी वाकला होता तो तसाच राहिला. गाळ्याच्या दारातून उजेड येत होता, ओळीतल्या बायका त्याच्याकडे न पाहता डबे सारखे करत होत्या, आणि वाक्य हवेत बोलून झाले होते. त्याने मोबाइलकडे पाहिले. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका बंद होता.

"काकी," तो म्हणाला, "आत्ता फोनवर बोललात ते परत म्हणाल का? एकदाच."

"काय बोलले मी?"

"तेच. कुणाच्या डंकावर आहात ते."

मुक्ताईने शेजारणीकडे पाहिले. शेजारणीने वर आढ्याकडे पाहिले. मुक्ताईने सावकाश पदर पुन्हा नाकावर बांधला, गाठ नीट बसली का हे चाचपून पाहिले आणि आतून म्हणाली, "बोलायचं आपल्यात ठरल्यालं न्हाय बाबा. बोलायचा रोज येगळा पडंल."

साईनाथने कॅमेरा सुरू केला.

"देतो," तो म्हणाला.